भिकाचा बिल्ला

माझ्या नोकरीत मी आग फारशी पाहिली नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. अग्निशमन खात्यात इतकी वर्षं काढली म्हणजे या माणसानं जळत्या माडीवरून बाळंबिळं उतरवली असणार, अशी लोकांची समजूत असते. मी कुणालाही कुठूनही उतरवलेलं नाही. आग विझवणारे लोक वेगळे. मी त्यांचे पाईप, पंप, गाड्या आणि सवयी तपासणारा. मी जायचो तेव्हा आग नसायची, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी विझवायचं सामानही धड नसायचं.

आमच्या खानदेशात मी काय काय पाहिलंय म्हणता! एका ठिकाणी पंपाच्या तोंडाशी बसवायची जाळी मागितली, तर शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, उद्या दाखवली तर चालेल का? कोंबडी बसलीय." खरंच बसली होती, अंड्यांवर. दुसऱ्या एका गावात गाडीची टाकी काठोकाठ भरलेली बघून मी खूश झालो, नळ उघडला तर रसना! आदल्या दिवशी कुणाच्या तरी मुलीचं लग्न होतं. तिथला अधिकारी मलाच म्हणतो, "आमच्याकडे आग लागतच नाही हो साहेब." लागत नाही म्हणे. मी असा चिडायचो की माझा ड्रायव्हर आधीच गाडी सावलीत लावून झोपायची तयारी करायचा. त्याला ठाऊक असायचं, साहेब आता तासभर थांबत नाहीत.

तर अशा माझ्यासारख्या माणसाला एक गाव असं भेटलं, की जिथं सामान चोख होतं, माणसं चोख होती, आणि तरी मी तिथं घाबरलो. ती गोष्ट आजवर घरातही धड सांगितलेली नाही. बायको म्हणते, तुम्ही भुताखेतावर विश्वास ठेवत नाही ना, मग सांगायला काय होतं? मी विश्वास ठेवत नाहीच. म्हणूनच सांगायला जड जातं.

गावाचं नाव लिहीत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं, कापसाचं गाव. सरकारी बंब यायचा तो तालुक्याहून, आणि तो येईपर्यंत गोदामाची राख थंडसुद्धा व्हायची. म्हणून गावानं स्वतःचं पथक उभं केलं होतं. पगार नाही, भत्ता नाही. जिनिंगमधला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला, फिटर, शाळेतला कारकून, किराणा दुकानदार, ट्रक चालवणारा, असे सगळे. एका मारवाडी शेठनं जुना टँकर दिला, कुणी पंप दिला, कुणी पाठीवर बांधायचे हवेचे सिलिंडर आणि तोंडावरचे मुखवटे आणून दिले. जिनिंगचा भोंगा तीनदा वाजला की ही मंडळी हातातलं काम टाकून धावायची. आता या पथकाला सरकारी मान्यता हवी होती, म्हणजे नवी गाडी मिळाली असती. ती द्यायची की नाही हे माझ्या तपासणीवर ठरणार होतं.

पहिल्यांदा गेलो ते हिवाळ्यात. पथकाचे प्रमुख नाना. जिनिंगमधून निवृत्त झालेले फिटर, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की भोंग्याची गरजच नाही. म्हणाले, "साहेब, आधी भरीत-भाकर खा, मग शिव्या द्या." मी म्हटलं, आधी पाईप दाखवा. पाईप दाखवले. धुतलेले, वाळवलेले, नीट गुंडाळलेले. पंप एका दमात चालू झाला. प्रत्येक जोडाला ग्रीस. मी शिवी शोधत होतो, सापडेना. मग निमूटपणे भरीत खाल्लं.

दुपारी सराव बघायला जिनिंगच्या आवारात गेलो. इथं बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. धूर भरलेल्या जागेत माणसं शिरतात तेव्हा सर्वांत मोठी भीती आगीची नसते, माणूस आत विसरण्याची असते. धुरात स्वतःचा हात दिसत नाही, तिथं कोण आत राहिलं हे बाहेरच्याला कसं कळणार? म्हणून प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो, त्यावर नाव कोरलेलं. दाराशी खिळे मारलेली एक पाटी घेऊन एक माणूस उभा असतो. आत जाताना आपला बिल्ला पाटीवर अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. पाटी रिकामी तर घर रिकामं. इतका सोपा हिशोब आहे. आणि एक नियम अगदी कडक: आपला बिल्ला आपणच काढायचा. भावाचा भावानं काढायचा नाही, साहेबानं काढायचा नाही. दुसऱ्यानं चांगुलपणानं काढला आणि आतला माणूस आतच राहिला, असं जगात बरेचदा झालेलं आहे. हा नियम आमच्याच खात्यानं या लोकांना शिकवला होता, आणि त्यांनी तो देवाच्या वचनासारखा धरला होता. नाना म्हणायचे, "ज्याना बिल्ला, त्याना हात." ज्याचा बिल्ला, त्याचाच हात.

पाटी सांभाळायचे गुलाबराव. शाळेतले कारकून, बुद्धविहाराचा कारभारही तेच बघायचे, शिस्तीचे एकदम पक्के. सराव सुरू झाला. माणसं आत गेली, बिल्ले लागले. माणसं बाहेर आली, बिल्ले निघाले. नानांनी हात वर करून सांगितलं, "बठ्ठा उनात!" म्हणजे सगळे आले. सगळे हसत पाणी प्यायला लागले. आणि मी बघतो तर पाटीवर एक बिल्ला तसाच.

"आत कोण राहिलंय?" मी ओरडलो.

कुणी हललं नाही. गुलाबरावांनी पाटी छातीशी धरली आणि खाली बघत म्हणाले, "कुणी नाही साहेब. तो भिकाचा आहे."

भिका हा त्यांच्याच पथकातला. याच आवारातल्या गोदामाला पूर्वी एकदा आग लागली, तेव्हा आत गेला तो जिवंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उचलून आणलं. पण बिल्ला पाटीवर होता, आणि नियम असा की ज्याचा त्यानंच काढायचा. तो तर काढू शकत नव्हता. मग दुसरं कोण काढणार? म्हणून राहिला. पुढच्या आगीला पाटी काढली तेव्हाही होता. हळूहळू रीतच पडली. भोंगा झाला की गुलाबराव सगळ्यांत आधी भिकाचा बिल्ला पुसून पहिल्या खिळ्याला लावणार. नाना म्हणाले, "तो आमच्या आधी आत असतो साहेब. वाट बघून ठेवतो. शेवटी निघतो."

मी नानांकडे बघितलं, थट्टा करताहेत का म्हणून. नव्हते करत.

आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाना, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण पाटीवर एक बिल्ला उरला की तुमची माणसं पाणी प्यायला बसतात. उद्या उरलेला बिल्ला दुसऱ्याचा असला तर?"

"असा कसा असेल? दुसऱ्याचा राहिला तर भिकाचा धरून दोन उरतील ना." गुलाबरावांनी शांतपणे उत्तर दिलं. हिशोब बरोबर होता. पण आमच्या धंद्यात रिकामं म्हणजे रिकामंच असावं लागतं.

मी स्पष्ट सांगितलं, बिल्ला उतरवा, नाहीतर मान्यता मिळणार नाही. तेव्हा नाना म्हणाले, "मग तुम्ही सुमनवहिनींशी बोला. त्या हो म्हणाल्या तर आमची ना नाही."

सुमनवहिनी, गावाची सुमनअक्का, म्हणजे भिकाची बायको. त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायचं काम करत होती. कपाळ उघडं होतं, पण हातात हिरव्या बांगड्या होत्या. खानदेशातल्या बाईच्या अंगावर असा अर्धवट सौभाग्याचा साज मी कधी पाहिलेला नव्हता. आम्ही बोललो ते तिनं कापूस वेचता वेचता ऐकून घेतलं. मग नानांकडे न बघता मला म्हणाली, "तुम्ही म्हनतस काढा, ह्या म्हनतस काढू नका. पन त्याले कोन्ही इचारं का?"

मी हातातली तपासणीची वही मिटली.

"दर खेप त्याले आगमा धाडतस ह्या. थकी गया व्हई तो." दर वेळी आगीत धाडता, थकला असेल तो, असं म्हणून तिनं बोटांतला कचरा फुंकरीनं उडवला आणि पुढचा कापूस ओढला.

त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. रडली असती तर मला कसं वागायचं ते कळलं असतं. ती दौऱ्यावर गेलेल्या नवऱ्याविषयी बोलावं इतक्या साधेपणानं बोलत होती. नानांनी तिच्या बोलण्याचा अर्थ 'नको' असा घेतला, मी 'काढा' असा घेतला, आणि आम्ही दोघे परतीच्या वाटेवर त्यावरून भांडलो. शेवटी मान्यता अडवून ठेवून, उन्हाळ्यात परत येतो, असं सांगून मी निघालो.

उन्हाळ्यात गेलो तेव्हा पाटीवर बिल्ला होताच. मी जिनिंगच्या ऑफिससमोर लिंबाखाली उभा राहून नानांना झाडत होतो, इतक्यात भोंगा वाजला. मला वाटलं, माझं तोंड बंद करायला यांनी मुद्दाम वाजवला. मग आवाराच्या मागच्या बाजूनं पांढरा धूर वर आला.

कापसाची आग बाकीच्या आगींसारखी नसते. लाकूड तडतडतं, रॉकेल भडकतं, कापूस मात्र गुपचूप जळतो. गाठींच्या थप्पीवरून ज्वाळा भुर्रकन पळून जाते, डोळ्यांना विझल्यासारखी वाटते, आणि गाठ आतल्या आत धुमसत राहते. धूर पांढरा, जड. त्या गोदामाच्या दारातून तो जमिनीलगत सरकत बाहेर येत होता, आणि आतून आवाज म्हणून काही नव्हता. माणसं ओरडत होती ती सगळी बाहेर. दाराच्या आत सगळं चिडीचूप होतं. इतकी वर्षं खात्यात काढून मी आगीच्या इतक्या जवळ पहिल्यांदा उभा होतो, आणि मला त्या शांततेचीच भीती वाटली.

पथकानं मात्र कमाल केली. टँकर लागला, पाईप पसरले, माणसं मुखवटे चढवून जोडीजोडीनं आत गेली. गुलाबरावांनी त्याआधीच भिकाचा बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसून पहिल्या खिळ्याला लावला. मी त्यांच्या शेजारीच होतो. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून ठासून सांगतो. भिकाचा बिल्ला तेव्हा पाटीवर होता.

मग धावपळ झाली. पाईपला पीळ पडला, पाणी तुटलं. गुलाबराव पाटी गोदामासमोरच्या दुसऱ्या एका लिंबाला टेकवून पीळ सोडवायला धावले, मीही त्यांच्या मागे धावलो. आवारातल्या बाया, हमाल, गावातली माणसं, सगळी इकडून तिकडे पळत होती. पाणी पुन्हा सुरू झालं. थप्प्या भिजल्या. माणसं एकेक करून बाहेर आली, खोकत, डोळे चोळत, आणि आपापला बिल्ला काढून घेत गेली.

पाटीवर एक बिल्ला उरला.

"बठ्ठा उनात!" नानांनी हात वर केला. शेठच्या माणसानं सरबताची बादली आणली. मंडळी लिंबाखाली टेकली, कुणीतरी थट्टाही केली. मी अजून रागात होतो. त्या उरलेल्या बिल्ल्याकडे बोट दाखवून नानांना चार शब्द सुनवावेत, म्हणून पाटीजवळ गेलो. सुनवण्याआधी बिल्ल्यावरचं नाव वाचलं.

दगडू.

 मी पाटी उचलून नानांसमोर धरली. नानांनी वाचलं, आणि त्या माणसाचा चेहरा त्याच क्षणी राखेचा झाला. "दगडू कुठं शे? ए, दगडू कुठं शे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याचा जोडीदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी हवा संपत आली म्हणून मी निघालो. तो मागं होता. माझ्या मागंच होता."

दगडू फैजपूरकडचा. केळीचे ट्रक दिल्लीला नेणारा, लग्न करून सासरवाडीला याच गावात राहिलेला, धिप्पाड आणि बडबड्या. त्याची बायको गर्दीत होती, कडेवर पोर घेऊन. तिनं पोराला शेजारणीच्या हातात दिलं आणि सरळ दाराकडे चालायला लागली. तिला दोघींनी धरून ठेवलं.

नाना मुखवटा न घालताच आत शिरत होते, त्यांना ओढून मुखवटा घालावा लागला. आत गेलेल्यांना दगडू पाईपजवळ सापडला नाही. जिथं कुणी जायचं कारण नव्हतं अशा टोकाला सापडला, मागच्या भिंतीशी, घसरलेल्या गाठीखाली पाय अडकलेला. सिलिंडरमध्ये थोडी हवा शिल्लक होती, म्हणून जगला. दारातून त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याची बायको त्याच्या छातीवर हात ठेवून बसली, आणि ती छाती हलली तशी तिनं हंबरडा फोडला.  मी लिंबाला धरून उभा राहिलो.

मग गुलाबरावांना पहिल्यांदा सुचलं. "पण मग भिकाचा बिल्ला?"

पहिला खिळा रिकामा होता.

आम्ही तिथली सगळी जमीन चाळली. चिखल, राख, पाईपांच्या खालची माती. मी मनाशी म्हणत होतो, भोक झिजलं असेल, पडला असेल, कुणाच्या पायाखाली गेला असेल. मिळाला नाही. गुलाबराव सारखे म्हणत होते, "मी लावला होता साहेब, तुम्ही होतात ना?" होतो. तीच तर अडचण होती.

मागची भिंत बघायला गेलो तेव्हा एक हमाल कुजबुजला की, भिका गेला त्या आगीच्या वेळी या भिंतीत दार होतं. नंतर गोदाम बांधून काढलं तेव्हा ते विटांनी बुजवलं.

दगडूला जळगावच्या दवाखान्यात नेलं होतं. तपासणी अधिकारी म्हणून त्याचा जबाब घ्यायला मी तिथं गेलो. नाना बरोबर होते. दगडूची बडबड आटली होती. म्हणाला, "साहेब, माझीच चूक. मी पाईप सोडला." धुरात पाईप कधी सोडायचा नसतो. तोच बाहेर नेणारा दोर असतो. मी विचारलं, का सोडलास?

"पुढं एक माणूस चालला होता. बॅटरीच्या उजेडात पाठ दिसत होती. मला वाटलं आपल्यातलाच, वाट माहिती असलेला दिसतोय, म्हणून त्याच्या मागं गेलो. तो भराभर चालत होता. पाईप धरलेला नव्हता त्यानं, भिंतीला हात नव्हता. हात असे पुढं धरले होते." दगडूनं पलंगावर पडल्या पडल्या दोन्ही हात कोपरात वाकवून, तळवे वर, बोटं फाकवून धरून दाखवले. "असे. कशालाच लागू नयेत असे. भिंतीपाशी गेला आणि मग दिसलाच नाही. तेवढ्यात गाठ घसरली."

मी नानांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या मानेवरची शीर उडत होती. दगडूनं भिकाला कधी बघितलेलं नव्हतं. तो गावात आला तोच भिका गेल्यानंतर.

गावात व्हायचं तेच झालं. भिका बाहेर आला आणि आपल्या जागी दगडूला ठेवून चालला होता, असं लोक उघड बोलायला लागले. पथकातली माणसं भोंग्याजवळून जायची टाळायला लागली. एकानं मुखवटा आणून नानांच्या ओट्यावर ठेवला, एकानं निरोप धाडला की म्हातारी सोडत नाही. आणि नानांनी, त्या एवढ्या जाणत्या फिटर माणसानं, यावर काय उपाय काढला असेल? पितळेचा तुकडा घेऊन भिकाच्या नावाचा नवा बिल्ला कोरला. "त्याची जागा आत रिकामी पडलीय साहेब. ती भरली नाही तर ती कुणाला तरी ओढेल. हा लावतो, म्हणजे पोरं परत येतील."

मी हात जोडले. म्हटलं, "नाना, तुमच्या एका जास्तीच्या बिल्ल्यापायी दगडू आत राहिला. पाटीवर एक उरला की सगळं ठीक, ही सवय तुम्हाला लागली, तीच त्याला मारत होती. यात भुताचा काय दोष?" त्यांना पटलं. पण पटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. ते म्हणाले, "वहिनींच्या हातानं या बिल्ल्याला कुंकू लावून घेतो. त्या नाही म्हणाल्या तर नाही लावणार." एवढ्याच शब्दावर मी त्यांच्याबरोबर गेलो. तिनं कुंकू लावलं असतं, तर माझ्यापुढे एकच वाट होती: पथक बंद करा असं लिहायचं. आणि पुढच्या आगीला ते गाव तालुक्याच्या बंबाची वाट बघत बसलं असतं.

सुमनअक्का घरीच होती. भर दुपार, पत्र्याचं घर तापलेलं. गुलाबराव, नाना आणि मी खाटेवर बसलो. तिनं पाणी दिलं. नानांनी खिशातून नवा बिल्ला काढला आणि चाचरत चाचरत सांगितलं की भिकाचा बिल्ला हरवला, हा नवा केलाय, तुमचा हात लागू द्या.

तिनं नवा बिल्ला बघितला आणि मागं सरकली. हातातला तांब्या तसाच. मग देव्हाऱ्याशी जाऊन पदराआडून काहीतरी घेऊन आली आणि आमच्यापुढं मूठ उघडली. जुना बिल्ला. गुळगुळीत झालेला, गुलाबरावांच्या पुसण्यानं अर्धं नाव गेलेलं.

गुलाबराव ताडकन उठले. "वहिनी, तुम्ही काढला?"

"मी काढा." तिची नजर खाली नव्हती. ती माझ्याशीच बोलत होती, नियमवाल्या माणसाशी. "तो मांगला आंगे भाहेर उना. मी देखं. पाटीपाशी उना, उभा ऱ्हायना. त्याना हात भाजेल व्हतात ना साहेब. त्याले निंघेना. म्हनीन मी काढा."

मागच्या अंगानं आला, पाटीपाशी उभा राहिला, हात भाजलेले होते, त्याला बिल्ला निघेना.  माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातले दगडूचे ते दोन तळवे आले. भिका धुरानं गेला, एवढंच मला माहीत होतं. नंतर नानांनी सांगितलं, मागचं दार तापलं होतं, ते ढकलताना फक्त हात भाजले होते, बाकी अंगाला डाग नव्हता. हे घरच्यांना आणि उचलून आणणाऱ्यांना ठाऊक होतं. दगडूला कुणी सांगितलेलं नव्हतं.

भिकाच्या बायकोच्या डोळ्यांना धुरात काय दिसलं, हे मी सांगू शकत नाही. तिनं बिल्ला काढला म्हणून पाटीवर दोनऐवजी एकच उरला आणि दगडू आत राहिला, हे मात्र तिघांनाही त्या क्षणी कळलं. गुलाबरावांचं तोंड उघडलं होतं. मी त्यांचा हात दाबला. ते हुशार माणूस, गप्प बसले.

"मन्हा हात लागना," ती म्हणाली. त्याच्या बिल्ल्याला तिचा हात लागला होता. "नियम मोडना का साहेब? ह्या त्याले परत धाडतीन का?"

मी तीस-बत्तीस वर्षं लोकांना नियम दाखवत फिरलो. कोंबडीवाल्याला दाखवला, रसनावाल्याला दाखवला. म्हटलं, "नही मोडना, अक्का. ज्याचे हात भाजलेत, त्याचा बिल्ला घरच्या माणसानं काढायचा असतो. तसा नियमच आहे."

असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. गुलाबरावांना ते माहीत होतं, नानांनाही होतं. नानांनी नवा बिल्ला खिशात टाकला आणि खाटेवरून उठून त्या बाईच्या पुढं हात जोडले. "नही धाडत वहिनी. आते त्याले सुट्टी. तो उना भाहेर."

तिनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं, खोटं तर बोलत नाहीत ना म्हणून. मग ती खाली बसली. हिरव्या बांगड्या तिनं एकेक करून हातानंच काढल्या, फोडल्या नाहीत, आणि बिल्ल्याशेजारी ठेवल्या. आणि मग ती रडायला लागली. शेजारच्या बाया धावत आल्या. काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागल्या. काय सांगणार त्यांना? नवरा गेला म्हणून ती रडत होती. इतकी वर्षं तो गेला नव्हता, आत होता. त्या दुपारी गेला.